फोटोग्राफी शिकताना: टप्पे, अडचणी आणि पाय जमिनीवर ठेवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा इथली फोटोग्राफी शिकणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नवख्यांचे आहेत, पुढचे हात बसलेल्यांचे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला, तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फोटोग्राफी शिकायची आहे. कॅमेरा लगेच घेऊ की मोबाइलवर चालेल?

पहिले तीन-चार महिने मोबाइल पुरतो. उजेड कुठून येतोय, मागे काय आहे आणि चौकटीच्या कडेला काय घुसलंय, एवढं बघायला शिकायचं असतं आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही.

नंतर घ्यायचाच तर सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा), १८-५५ ची लेन्स आणि जमलं तर ५० एमएम एफ/१.८ एवढं पुष्कळ झालं. जुना कॅमेरा घेताना पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं भोक लहान), फोकस मुद्दाम घालवून फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते. लेन्समध्ये मागून टॉर्च मारा. काचेवर बारीक पांढरे तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी असते. तो सौदा सोडा.

२. शिकण्याचे टप्पे कोणते? मी कुठल्या टप्प्यावर आहे, हे कसं ओळखायचं?

किती वर्षं झाली किंवा कॅमेरा कितीचा, यावरून टप्पा कळत नाही. फोटो फसल्यावर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं, त्यावरून कळतो.

"कॅमेराच साधा आहे" हे पहिल्या टप्प्याचं वाक्य. या काळात माणूस फोटोंपेक्षा लेन्सचे भाव जास्त बघतो. यावर उपाय एकच: सहा महिने नवी खरेदी बंद, आहे त्याच लेन्सवर काम.

"सेटिंग चुकलं" हा दुसरा टप्पा. इथं पहिल्यांदा चूक शोधता येऊ लागते, म्हणून तो महत्त्वाचा. अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (ते किती वेगानं उघडून मिटतं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) यांचं गणित याच काळात हाताला बसतं. पण तंत्र जमलं की ते दाखवायची हौस येते. मग प्रत्येक चेहऱ्यामागची बाजू धूसर आणि प्रत्येक ढग गडद होतो. आत्मविश्वास सगळ्यात जास्त याच टप्प्यावर असतो. दुसऱ्याच्या फोटोतल्या चुका मोठ्यानं सांगणारे बहुतेक जण इथंच असतात.

"आज उजेडच नव्हता" हा तिसरा. उजेड कळायला लागलाय, पण तो आपल्या सोयीनं यावा अशी अपेक्षा अजून आहे.

"मी चुकीच्या जागी उभा होतो", "मी लवकर निघालो", "मी त्या माणसाशी बोललोच नाही" हा चौथा. दोष स्वतःकडे आला, की तो दुरुस्तही करता येतो. म्हणून इथून पुढे फोटो झपाट्यानं सुधारतात.

हे टप्पे एकदा ओलांडले म्हणजे कायमचे सुटले असं होत नाही. पोर्ट्रेटमध्ये चौथ्यावर असलेला माणूस पहिल्यांदा पक्षी टिपायला गेला, की संध्याकाळी लेन्सलाच दोष देत परततो. नवा प्रकार हाती घेतला की पुन्हा खालच्या पायरीवर उभं राहावं लागतं. अनुभवी माणसाला सगळ्यात जड हेच जातं.

३. ऑटोवर काढणारा खरा फोटोग्राफर नाही, असं ग्रुपवर म्हणतात. मॅन्युअलवर कधी जाऊ?

मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवणं, ही पदवी नाही. उजेड एकसारखा असेल तिथं तो सोयीचा. वरात मांडवातून रस्त्यावर येते, तेव्हा उजेड क्षणाक्षणाला बदलतो. अशा वेळी अॅपर्चर प्रायॉरिटी (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्यानं) आणि ऑटो आयएसओ लावून काम करणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

मात्र मॅन्युअल येत नाही म्हणून ऑटो, असं नको. त्यासाठी एक सराव. स्वच्छ उन्हाच्या दुपारी पार्क चौकात उभे राहा. आयएसओ १००, एफ/१६, शटर १/१०० ठेवा; समोरून ऊन पडलेली वस्तू बरोबर येईल. आता एफ/८ करा. उजेड दोन स्टॉप वाढला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणून शटर १/४००. मग झाडाखालच्या मोकळ्या सावलीत बघा. तिथं उन्हापेक्षा साधारण चार स्टॉप उजेड कमी असतो, म्हणजे एफ/८ वर १/२५. एवढ्या हळू शटरला हात हलेल (प्रश्न ४), म्हणून आयएसओ ८०० करून १/२०० घ्या.

रोज पाच-सहा ठिकाणी आधी मनात आकडा ठरवा, मग कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बघा. अंदाज एका स्टॉपच्या आत येऊ लागला, की मोड कुठलाही लावा.

४. माझे फोटो शार्प येत नाहीत. लेन्स बदलू का?

आधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. एकच माणूस ओढला गेला आणि भिंत स्वच्छ असेल तर माणूस हलला. चेहरा मऊ, पण कान किंवा मागची खुर्ची स्वच्छ असेल तर फोकस चुकला. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

हात हलत असेल तर शटर किमान लेन्सच्या आकड्याइतकं ठेवा. एपीएस-सी (लहान आकाराच्या) सेन्सरवर ५० एमएम लेन्स असेल तर दीडपट, म्हणजे १/८० च्या पुढे. चालणाऱ्या माणसाला १/२५०, पळणाऱ्या पोराला १/५०० पासून पुढे. फोकस चुकत असेल तर कॅमेऱ्याला बिंदू निवडू देऊ नका. एकच बिंदू घ्या, तो जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि एफ/१.८ ऐवजी एफ/२.८ वर काढून बघा.

लेन्सवर खरंच संशय असेल तर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा. कॅमेरा स्टुलावर ठेवा, एफ/८ आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. मधली अक्षरं स्वच्छ आली तर लेन्स ठीक आहे.

आपल्याकडे चौथं कारणही असतं. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर माळरानावर किंवा डांबरी रस्त्यावर टेलिलेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) लावली, की तापलेली हवा थरथरते आणि लांबचं सगळं विरघळल्यासारखं येतं. हे शटर वाढवून जात नाही. जवळ जा, नाहीतर पहाटे या.

५. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) कधी मळकट येते, तर कधी पांढरी फट्ट. असं का?

समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून कॅमेऱ्याचं मीटर चालतं. चौकट पांढऱ्या बाराबंद्यांनी भरली की त्याला फार उजेड वाटतो. ते एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) कमी करतं आणि कापड करडं येतं. तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या अंदाजात आपण करायची कमी-जास्ती) +१ द्या. उलट, गल्लीच्या काळोख्या सावलीतून दोघंच उन्हात आले असतील तर मीटर सावली उजळायला जातं आणि कापड फाटतं, म्हणजे नुसतं पांढरं होऊन त्यातला तपशील जातो. तिथं −१.

नंदीध्वजांची (खांद्यावर पेलायच्या उंच काठ्यांची) मिरवणूक उन्हात चालू असेल तर जास्त खात्रीचा मार्ग मॅन्युअलचा. उन्हातल्या बाराबंदीचा एक फोटो घ्या आणि हायलाइटची चेतावणी (फाटलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सोय) चालू ठेवून बघा. बाराबंदीच्या खांद्यावरची शिवण आणि बंदाच्या गाठीची घडी दिसली पाहिजे. तिथं लुकलुक होत असेल तर शटर एक-तृतीयांश स्टॉपनं वाढवत जा. लुकलुक थांबली की तो आकडा ऊन बदलेपर्यंत हलवू नका. चेहरे थोडे काळे येतील. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर ते नंतर वर आणता येतात. फाटलेलं पांढरं मात्र परत येत नाही.

सात नंदीध्वज उंच असल्यानं जवळून वाइड लेन्सनं काढले तर वाकडे दिसतात. मागे सरका किंवा मार्गावरच्या घरमालकाला विचारून गच्चीवर जा. नंदीध्वज पेलणाऱ्याचं सगळं लक्ष तोलाकडे असतं. त्याच्या वाटेत आडवं जायचं नाही आणि डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. होमविधीच्या रात्री फ्लॅश बंदच ठेवा. आयएसओ ३२००, एफ/२.८, १/१२५ पासून सुरू करा आणि ज्वाळा भडकली की शटर वाढवा.

६. यंत्रमागाच्या कारखान्यात फोटोंवर आडवे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० पेक्षा जलद झालं की त्या चढउताराचा एक तुकडाच फोटोत येतो. म्हणून पट्टे पडतात आणि लागोपाठच्या फोटोंचे रंगही वेगवेगळे येतात. १/१०० किंवा १/५० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या चढउताराशी जुळवून घेणारी सोय) असेल तर ते चालू करा. धोटा (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा भाग) जागेवर थांबलेला हवा असेल तर खिडकीजवळचा माग निवडा आणि तिथल्या दिवसाच्या उजेडावर १/१००० घ्या. पण १/५० वर धोटा पुसट आणि विणकराचा चेहरा स्थिर आला, तर कारखान्याचा वेग जास्त खरा वाटतो, असं आमचं मत आहे.

सुताचा भुगा हवेत सतत असतो. आत लेन्स बदलू नका. बाहेर येऊन, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदला. काच तोंडानं फुंकू नका, ब्लोअर वापरा. गळ्यातला पट्टा आणि ओढणी आत खोचा.

मालकाची परवानगी मिळाली तरी विणकराची वेगळी घ्या. कुठं उभं राहायचं हेही त्यालाच विचारा. मागावरून कधीकधी धोटा उडतो, म्हणून धोट्याच्या रेषेत, मागाच्या दोन्ही टोकांना उभं राहणं धोक्याचं. कुठला माग कधी थांबणार, जॅकार्डचे (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे) भोकाचे पुठ्ठे कधी बदलणार, हे त्याला पाठ असतं. पंधरा मिनिटं कॅमेरा न काढता त्याचं काम बघितलं, तर हाताची नेमकी हालचाल कधी येते ते कळतं. पूर्वभागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. नमस्कार-चमत्काराचे दोन तेलुगू शब्द शिकून गेलात तर संकोच लवकर मोडतो.

७. तीन वर्षं झाली, सगळं जमतं, पण फोटो तिथंच अडकलेत. काय करू?

हे पठार जवळजवळ प्रत्येकाला लागतं, आणि ते नव्या लेन्सनं किंवा लांबच्या सहलीनं सुटत नाही. एक जागा आणि एक लेन्स धरा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून किल्ल्याची तटबंदी घ्या आणि वर्षभर दर आठवड्याला जा. पहिल्या महिन्यात नेहमीचे फोटो संपतात. मग कंटाळा येतो. त्यानंतर जे दिसू लागतं, ते तुमचं स्वतःचं असतं. सूर्य तटाच्या कोणत्या टोकामागून उगवतो, ती जागा महिन्यागणिक सरकते. मेच्या मध्याच्या सुमारास दुपारी तो थेट डोक्यावर येतो आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा दिसतात. जानेवारीत ऊन तिरपं असतं, तेव्हा दगडाचा पोत दिवसाचा बराच वेळ दिसत राहतो.

दुसरं काम निवडीचं. महिन्याच्या फोटोंतून दहाच ठेवा आणि छोट्या आकारात छापून भिंतीवर लावा. आठवड्यानं जो बघवत नाही तो काढा आणि तो का काढला, हे त्याच्या मागे लिहा. वर्षभरानं त्या टिपणांत एकच तक्रार सात-आठ वेळा लिहिलेली सापडेल. बहुतेकांच्या बाबतीत ती "लांबून काढला" अशी असते. पुढच्या वर्षीचा अभ्यास तोच.

८. लाइक भरपूर मिळतात, पण जाणकार गप्प असतात. आणि कुणी टीका केली की वाईट वाटतं.

"कसा आहे?" असं विचारलं की "मस्त" हेच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: "नजर आधी कुठं जाते?", "यातलं काय काढून टाकू?", "या पाचांत कमकुवत कोणता?" समोरचा बोलत असताना फोटो कसा काढला, किती चढाव चढलात, हे सांगू नका. बघणाऱ्यासमोर तुमचे कष्ट नसतात, चौकट असते. मुद्दे लिहून घ्या आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. तिघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवलं तर ते मान्य करा. एकट्यानंच म्हटलं असेल तर ती त्याची आवडही असू शकते.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलतानाही हाच नियम. सेटिंग विचारण्याआधी त्याला काय दाखवायचं होतं, ते विचारा.

९. नम्र राहायचं म्हणजे पैसे कमी घ्यायचे का?

अजिबात नाही. दर कमी करणं आणि स्वतःचे फोटो वाईट म्हणणं यात नम्रता नाही, त्यात ग्राहकाचाच गोंधळ होतो. जे काम येतं त्याचे पूर्ण पैसे घ्या आणि जे येत नाही ते आधीच सांगा. नमुने दाखवताना सर्वांत चांगले वीस फोटो नकोत. एका पूर्ण कार्यक्रमाचा अल्बम दाखवा. ग्राहकाला तेच मिळणार आहे.

१०. ओळखीच्यांनी लग्नाची ऑर्डर दिली आहे. एकट्यानं पहिल्यांदाच करतोय. घेऊ का?

किमान चार-पाच लग्नांत कुणाचा तरी मदतनीस म्हणून उभे राहिला नसाल, तर घेऊ नका. लग्न पुन्हा लागत नाही. घेतलंच तर दोन कॅमेरे हवेत, एक उसना आणलेला चालेल. दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावा. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा आणि अल्बम पोचेपर्यंत कार्ड पुसू नका.

सोलापुरात एकाच कार्यालयात आज लिंगायत, उद्या पद्मशाली, परवा मराठा लग्न असतं. विधी आणि त्यांचा क्रम सारखा नसतो. "मला माहीत आहे" म्हणणारा इथं हमखास फसतो. आदल्या दिवशी घरातल्या ज्येष्ठ बाईंकडून आणि पुरोहितांकडून क्रम लिहून घ्या, कुठं चप्पल चालत नाही हेही विचारा. अक्षता पडताना हवेतले तांदूळ फ्लॅशशिवाय टिपायचे तर १/५०० लागतं. हॉलच्या दिव्यांखाली पट्टे येतील (प्रश्न ६), म्हणून तेवढ्यापुरता फ्लॅश वापरा आणि शटर १/२०० च्या आत ठेवा; तांदूळ फ्लॅशच्या झळकीनंच थांबतात.

११. नान्नजला माळढोकाचा फोटो मिळेल का?

त्यासाठीच जात असाल तर नका जाऊ. १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य माळढोक या मोठ्या माळरानी पक्ष्यासाठी जाहीर झालं, पण पक्षी आता अतिशय दुर्मीळ आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही आणि वाट सोडायची नाही. मोबाइलवर पक्ष्याचे आवाज वाजवायचे नाहीत. कुठल्याही पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढायचा नाही. आई उठली की मेच्या उन्हात अंडी थोड्या वेळात तापतात.

काळवीट, चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या शिकायला भरपूर आहेत. चरणाऱ्या काळविटानं मान वर करून चरणं थांबवलं, की तुम्ही फार जवळ आलात. तिथंच थांबा किंवा दोन पावलं मागे व्हा. दुर्मीळ काही दिसलं तर फोटो टाकताना जीपीएसची माहिती काढून टाका आणि जागेचं नाव लिहू नका.

१२. वारीत, बाजारात अनोळखी लोकांचे फोटो विचारून काढायचे की न विचारता?

गर्दीचं दृश्य असेल तर विचारण्याची गरज नसते. एकाच माणसाचा चेहरा असेल तर विचारा; आधी क्षण टिपलात तर नंतर दाखवून विचारा आणि नको म्हटलं तर त्याच्यासमोर पुसा. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या बाया, झोपलेले वारकरी, एकटी मुलं यांचे फोटो नकोत, मग चौकट कितीही चांगली असो. "माउली, फोटो काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेक जण हसून उभे राहतात. तसा फोटो ठरावीक येतो, हे खरं. म्हणून एक काढून तिथंच बसा, बोला. दहा मिनिटांनी ते कॅमेरा विसरतात. फोटो पाठवतो म्हटलं असेल तर पाठवाच.

भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड किंवा लाइट लावायचे असतील तर आधी परवानगी काढा.

१३. जुने फोटो बघून लाज वाटते. डिलीट करू?

दाखवण्यातून काढा, डिस्कवरून नको. तेव्हा तुम्हाला काय दिसत नव्हतं, याचा पुरावा दुसरीकडे कुठं मिळणार नाही. रॉ फाइल असेल तर ती आजच्या हातानं पुन्हा धुऊनही बघा.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये काढला. त्या वेळी त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राचा उजळपणा किती असतो हे पाठ असल्यानं त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. एवढ्या जाणत्या माणसानंही तो फोटो पूर्ण झाला असं मानलं नाही. पुढची काही दशकं तीच निगेटिव्ह ते नव्यानं छापत राहिले आणि नंतरच्या प्रतींत आकाश खूप गडद होत गेलं. आकाशातल्या ज्या ढगांच्या रेघा सुरुवातीच्या प्रतींत होत्या, त्या त्यांनीच पुढे दाबून टाकल्या.

१४. फोटोखाली स्वतःचं नाव लावणं गर्वाचं आहे का? आणि मदतनीसानं काढलेल्या फोटोचं काय?

नाव लावा, छोट्या अक्षरांत, चेहऱ्यावर नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावानं छापले जात. नाव नसलं की काम कुणाच्याही खात्यावर जमा होतं. म्हणून मदतनीसानं काढलेला फोटो तुमच्या अल्बममध्ये असला, तरी समाजमाध्यमावर टाकताना त्याखाली त्याचं नाव हवं.

हक्काचं मात्र वेगळं आहे आणि इथं पुष्कळ व्यावसायिक चुकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो जाहिरातीत वापरायचे असतील तर ऑर्डर घेतानाच तसं लिहून घ्या, आणि घरच्यांना जे फोटो नकोत त्यांची यादी करारालाच जोडा.